ब्रिटल स्टारचा श्रावण

तुम्ही दोघं परदेशी राहायला म्हणून विमानतळाकडे निघालात त्या सकाळी हॉलमधल्या माशांच्या टाकीवर एक कागद चिकटवून गेलात. मजकूर दादाचा, शुद्धलेखन छोटीचं. रोज सकाळी पाण्याचं तापमान आणि खारटपणा वहीत लिहायचा. माशांना दोन वेळा चिमूटभर कोरडे दाणे. दर पंधरा दिवसांनी दोन बादल्या पाणी बदलायचं. आणि ब्रिटल स्टारला, म्हणजे दादाच्या पाच हातांच्या ताऱ्यासारख्या प्राण्याला, आठवड्यातून तीन वेळा, संध्याकाळी टाकीचा दिवा मंद झाला की, कोळंबीचा एक तुकडा चिमट्यात धरून थेट त्याच्या हातात द्यायचा. या शेवटच्या ओळीखाली दादाने लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या.

त्या ओळीचं मी काय केलं, ते तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. फोनवर अर्धं राहून जातं. तुमचा नाश्ता गार होत असतो, नाहीतर आजोबांना मध्येच क्रिकेटबद्दल काही विचारायचं असतं. म्हणून सगळं सरळ, क्रमाने लिहून ठेवते आहे.

कागदावर लिहिलेली कृती जशीच्या तशी करायची, हे मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मुलांना शिकवलं. त्यामुळे तुमच्या कागदाची मला भीती वाटली नाही. उलट बरंच वाटलं. तुमच्या खोलीतल्या गाद्या गुंडाळून ठेवल्यावर घरात काहीतरी नेमकं करायला उरलं होतं. शुद्ध पाण्यात पाकिटातलं समुद्राचं मीठ घालायचं, छोटा पंप सोडून ते दिवसभर फिरत ठेवायचं, मग त्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर एक थेंब टाकून खिडकीकडे धरायचं. आकडा पस्तीस यायला हवा. चौतीस नाही, छत्तीस नाही.

"आमटीत मीठ घालताना कधी एवढं बघितलं नाहीस," आजोबा म्हणाले.

"आमटी पिऊन तुम्ही मेला नाहीत अजून."

"प्रयोग चालू आहे," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

वीज गेली की इन्व्हर्टरवर पहिला मान टाकीच्या पंपाचा, मग टाकीवरच्या छोट्या पंख्याचा, आणि काही उरलं तर माणसांचा. मे महिन्यात दुपारी दोन-दोन तास वीज जायची. आजोबा पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की सांगायचे, "आमच्याकडे सध्या माशांना वारा आणि मला घाम."

तेव्हा टाकीत तीनच मासे होते. निळसर हिरव्या झाकेचे दोन छोटे क्रोमिस, सतत जोडीने फिरणारे. आणि छोटीचा पिवळा गोबी, बोटाएवढा, हळदीत बुडवून काढल्यासारखा, वाळूवर कोपरं टेकून बसल्यासारखा बसणारा. छोटीचा पहिला दात पडला त्या आठवड्यात तो घरी आला होता, म्हणून तिच्या हिशेबी तो आणि तिचा नवा दात जवळजवळ एका वयाचे. फोनवर माझ्या आधी त्याची चौकशी व्हायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि दगडाखाली राहायचा तो दादाचा ब्रिटल स्टार. दुकानातून आणला तेव्हा रुपयाएवढा होता. दुकानदाराने सांगितलं होतं, गरीब प्राणी आहे, तळाशी सांडलेलं उष्टं खातो, टाकी साफ ठेवतो. दोन वर्षांत त्याचं मधलं अंग मारी बिस्किटाएवढं झालं आणि पाच हात वीतभर लांब. रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा, हातांना बाजूने बारीक काटे. डोकं नाही, डोळे नाहीत, तोंड पोटाच्या खाली. सुरुवातीला मला त्याची किळस यायची, हे कबूल करते. पण कोळंबीचा तुकडा पाण्यात शिरला की दगडाखालून एक हात बाहेर यायचा, वास घेत घेत चिमट्यापर्यंत पोचायचा आणि तुकड्याला वेढा घालून हळूच ओढून न्यायचा. ओरबाडणं नाही, घाई नाही. महिन्याभरात मी त्या हाताची वाट बघायला लागले.

मग श्रावण आला.

आपण मासे खाणारी माणसं. पण माझं लग्न झालं त्या वर्षी तुमच्या पणजीने मला सांगितलं होतं, दिव्यांच्या अमावस्येला फ्रिज रिकामा करून पुसायचा आणि गणपती जाईपर्यंत घरात मासा, मटण, अंडं काही आणायचं नाही. सासूबाई गेल्या, नियम राहिला. मी इंग्रजी शाळेत शिकले, प्रयोगशाळेत कारण कळल्याशिवाय कधी काही मान्य केलं नाही, पण या नियमाला मी कारण विचारलं नाही. तसं विचारावंसंही वाटलं नाही. वर्षातले काही आठवडे घर वेगळं वागतं, एवढंच मला आवडत आलं आहे.

तर त्या अमावस्येला मी कोळंबीचा डबा कामाला येणाऱ्या बाईंना देऊन टाकला, फ्रिज सोड्याच्या पाण्याने पुसला आणि तुमच्या कागदावर लाल रेघांच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं: श्रावणात व गणपतीत बंद.

"त्याला विचारलंस का?" आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तळाचं उष्टं खाऊन राहतो तो. दुकानदार म्हणाला होता."

"मग साबुदाण्याची खिचडी टाकून बघ. पाण्यातच राहतो, निर्जळी मात्र करायला लावू नकोस."

मी हसले आणि पेन्सिल ठेवली. रविवारी दादाने फोनवर विचारलं, "आजी, त्याला देतेस ना?" मी म्हटलं, "सगळं कागदाप्रमाणे चाललंय." कागद मी बदलला होता, त्यामुळे वाक्य खोटं नव्हतं. प्रयोगशाळेत असं वाक्य एखाद्या मुलीने माझ्यासमोर उच्चारलं असतं तर मी तिला दाराबाहेर उभं केलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात एक क्रोमिस दिसेना. उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून मी कपाट पुढे ओढलं, टॉर्च घेऊन मागे पाहिलं. सोफ्याखाली छोटीची जुनी हेअरपिन सापडली, मासा सापडला नाही. मेला असेल तर पाणी बिघडेल म्हणून सगळ्या चाचण्या केल्या. खारटपणा पस्तीस, तापमान सव्वीस, बाकीचे रंगही जिथे हवे तिथे. पाच दिवसांनी दुसरा क्रोमिस गेला. पुन्हा चाचण्या, पुन्हा सगळं बरोबर. वही निर्दोष होती. मी पाण्यातली चूक शोधत होते, कारण मला पाण्यातल्या चुका शोधता येतात.

आजोबांनी दाण्यांची डबी उचलून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचायला सुरुवात केली. "यात बघ काय लिहिलंय. पहिलाच पदार्थ. माशाचं पीठ."

"पीठ आहे ना? मग झालं तर."

"म्हणजे श्रावणात मासा चालतो, फक्त दळून आणायचा."

मी डबी काढून घेतली. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

तिसऱ्या सोमवारी मला उत्तर सापडलं. दिवसभराचा उपास होता, स्वयंपाक झाला होता, आजोबा ताट मांडून बसले होते. मी देवापाशी दिवा लावून हॉलमध्ये आले तेव्हा टाकीचा दिवा नुकताच मंद झाला होता. ब्रिटल स्टार दगडाबाहेर आला होता आणि उभा होता. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. पाची हातांची टोकं वाळूत रोवलेली, मधलं अंग चार बोटं वर उचललेलं. खाली छान अंधारी, आडोशाची जागा झाली होती, एखाद्या छोट्या मांडवासारखी. आणि छोटीचा पिवळा, झोपायला जागा शोधत, थांबत थांबत त्या मांडवाकडे निघाला होता.

दोन क्रोमिस कुठे गेले ते मला तेव्हा कळलं. मी काचेवर हाताने थाप मारली. पिवळा उसळून मागे फिरला आणि त्याच क्षणी तो मांडव खाली आला. सगळे हात एका दिशेने पीळ घेत वळले आणि मधली जागा मिटली. रिकामी मिटली, एवढंच. एका श्वासाचा फरक होता.

मी टाकीसमोर स्टूल ओढून बसले. ब्रिटल स्टार हळूहळू सुटा झाला, थोडा सरकला आणि पुन्हा उभा राहायला लागला. भुकेला होता. आणि माझ्या घरात त्याला द्यायला वाटाणे आणि भगर एवढंच होतं.

"अहो, इथे येऊन बसा. पिवळा जवळ आला की काचेवर वाजवा."

"माझा उपास सुटायचा आहे."

"आधी याचा सोडायचा आहे," मी म्हटलं आणि वाटी घेऊन तशीच खाली गेले.

खालच्या काकूंना तुम्ही लहानपणापासून ओळखता. त्यांच्या घराण्याच्या पाच पिढ्या पुण्यात गेल्या. त्यांच्या ईदच्या शीरखुर्म्याचा डबा वर येतो आणि आपल्या दिवाळीच्या चकल्यांचा डबा खाली जातो. पण श्रावणातल्या सोमवारी, कपाळाला भस्म लावून, मी त्यांच्याकडे कोळंबी मागायला उभी राहीन असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातली वाटी पाहिली आणि म्हणाल्या, "साखर संपली का, मावशी?"

"कोळंबी आहे का? एक. दोन असल्या तर बरं."

त्यांनी माझ्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं. "काका बरे आहेत ना?"

मग मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. क्रोमिस, मांडव, पेन्सिल, सगळं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग आधी सांगायचं नाही का? आमच्या फ्रिजला कुठे श्रावण आहे!"

"हळद-मीठ लावलेली नको."

"धुऊन ठेवलेली आहे, साधी. पण मी वर घेऊन येऊ का? तुमच्या घरात चालेल?"

हे त्यांनी विचारलं, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. मला उत्तर द्यायला जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या लागल्या. नियम माझ्या तोंडाचा होता, माझ्या चुलीचा होता. दगडाखालच्या त्या जिवाच्या वतीने व्रत धरायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता, सासूबाईंनीही नाही. "चालेल," मी म्हटलं, "चला."

वर आजोबा काचेसमोर बसून पट्टीने ताल धरत होते. "दोनदा आला होता," त्यांनी सांगितलं. "मी परतवला."

काकू स्वयंपाकघराकडे वळल्याही नाहीत. झाकलेली वाटी टाकीपाशी ठेवून त्यांनी चिमट्याने तुकडा आत सोडला. हात बाहेर आला. नेहमीसारखा वास घेत आला नाही, झडप घालून आला. एक तुकडा, दुसरा, तिसरा. चौथ्यानंतर तो अंग आवळून दगडाखाली गेला. काकू कितीतरी वेळ तिथेच वाकून उभ्या होत्या.

"मावशी, फार भूक लागली होती हो याला," त्या म्हणाल्या. माझ्यावर ठपका ठेवत नव्हत्या, पण तो लागला.

दुसऱ्या दिवशीपासून कोळंबी त्यांच्या फ्रीजरमध्ये राहिली आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या वाटी घेऊन वर यायला लागल्या. यायच्या, टाकीपाशी बसायच्या, भरवायच्या, वाटी झाकून घेऊन जायच्या, हात खाली जाऊन धुवायच्या. मी कधी तसं करायला सांगितलं नव्हतं.

"मावशी, हा मला ओळखायला लागलाय."

"त्याला डोळे नाहीत," आजोबा म्हणाले.

"डोळे नसले म्हणून काय झालं, काका? हात आहेत की पाच."

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी आधीच ठरवून बसले होते. दादाने विचारायच्या आत सांगितलं, मी कोळंबी बंद केली होती, तुला न विचारता, आणि तुला फिरवून उत्तर दिलं. दोन क्रोमिस त्यामुळे गेले. पिवळा थोडक्यात वाचला. छोटी रडायला लागली. दादा रडला नाही. तो म्हणाला, "आजी, मी लाल रेघा ओढल्या होत्या."

"हो," मी म्हटलं. "मला दिसल्या होत्या."

मग छोटी म्हणाली, "त्याला काढून टाक. आजच. तो परत खाईल माझ्या पिवळ्याला."

"तो का जाईल? आजीने त्याला उपाशी ठेवलं! त्याची काय चूक?"

"माझ्या माशाची तरी काय चूक?"

तुमच्या बाबाने फोन बाजूला घेतला. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांमधलं कोणीतरी एक माझ्यामुळे हरणार होतं. माझ्या हाती एवढंच होतं की रोज संध्याकाळी दिवा मंद झाल्यावर तासभर टाकीसमोर बसायचं. मी बसले. आजोबांनीही पाळी वाटून घेतली. ब्रिटल स्टारचं पोट आता भरलेलं असायचं, तरी दोन वेळा मी त्याला तसाच उभा राहिलेला पाहिला. पिवळा दिवसाही वाळूवर येईना. पंपाच्या मागे, काचेला चिकटून राहायचा. दाणे पोचवायला मला लांब नळी वापरावी लागली.

पुढच्या रविवारी दादाने स्वतःहून बोलायला सुरुवात केली. आठवडाभर तो वाचत होता. ही हिरवी जात पाळणाऱ्या कितीतरी लोकांनी लिहिलं होतं की नीट खाऊ घातलं तरी भरवसा नाही. छोटे मासे आज ना उद्या जातात. दुकानदाराला ते माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. "तो वाईट नाहीये, आजी," दादा म्हणाला. "तो तसाच आहे. माळ्यावर आपली पहिली, दोन फुटी टाकी आहे ना? त्यात त्याला एकट्याला ठेव. आणि खालच्या काकूंना विचार, त्या घेतील का. त्यांच्याकडे श्रावण नसतो."

तुझं वय तेव्हा तेरा होतं, दादा. लाल रेघा तुझ्या होत्या, चूक माझी होती, आणि वाट तू काढून दिलीस. त्या दिवशी मी फोनवर "बरं" एवढंच म्हटलं, कारण त्याहून जास्त मला बोलता आलं नसतं. आज लिहिते आहे.

काकूंनी दोन मिनिटं विचार केला. त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती, हॉलमधली तिच्या अभ्यासाच्या टेबलाची जागा रिकामी होती. "त्या टेबलावर ठेवू," त्या म्हणाल्या.

"रमजानमध्ये काय करणार?" आजोबांनी विचारलं. "दिवसभर रोजा?"

"काका, तो तर आधीपासूनच दिवस मावळल्यावर जेवतो. त्याला मी काय शिकवू?"

हलवायचं काम गणपती गेल्यावर केलं. दादा फोनवरून सूचना देत होता आणि मी मुकाट्याने ऐकत होते, अक्षर न् अक्षर. माझ्या टाकीतलंच पाणी बादल्यांनी खाली नेलं, म्हणजे खारटपणात फरक नको. सोबत त्याचे दोन जुने दगड. ब्रिटल स्टारला ओढायचं नाही, ओढलं तर तो हात तोडून टाकतो, म्हणून नाव तसं पडलं, ठिसूळ. पाण्याबाहेरही काढायचं नाही. आम्ही एक रुंद प्लास्टिकचा डबा टाकीत आडवा बुडवला आणि आत कोळंबी ठेवली. पाऊण तासाने तो आत शिरला, तुकड्यावर बसला, आणि मी पाण्यातल्या पाण्यात झाकण लावलं. तो मासे पकडायचा तसंच जवळजवळ मी त्याला पकडलं. काकूंनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि एकेक पायरी उतरल्या. आजोबा पुढे चालत जिन्यातल्या लोकांना बाजूला करत होते, "सरका, सरका, सासरी चाललाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळा पंपामागून बाहेर आला. वाळूच्या मधोमध येऊन बसला, दोन्ही कोपरं टेकून. मी त्याचा फोटो छोटीला पाठवला. तिने उत्तरात फक्त पिवळे बदाम पाठवले, मी मोजले नाहीत.

रविवारी आम्ही फोन खाली काकूंकडे घेऊन गेलो. दादाचा आवाज जरा बसलेला होता. "तो तिथे जेवतो का?"

"तूच बघ," काकू म्हणाल्या. त्यांनी पडदा ओढून खोलीत अंधार केला आणि मी फोन काचेजवळ धरला. चिमटा पाण्यात गेला. दगडाखालून एक हिरवा हात निघाला, न घाबरता, न घाई करता, वास घेत घेत आला आणि त्याने तुकडा वेढून घेतला.

"थँक यू, काकू," तिकडून दादा म्हणाला.

"थँक यू कसलं? तुझा आहे तो, माझ्याकडे राहायला आलाय. दर रविवारी यायचं. उशीर केलास तर मी तुझ्याशिवाय भरवीन, सांगून ठेवते."

त्यानंतर एकही रविवार दादाचा चुकलेला नाही. तो आधी खाली फोन करतो, मग वर.